मृणालताई गोरे : पाण्याच्या नळापासून घराच्या किल्लीपर्यंत

सोसायटीला पंचवीस वर्षे पूर्ण झाली म्हणून स्मरणिका काढायचे ठरले आणि संपादक मंडळाने माझ्याकडे एका थोर व्यक्तीचे चरित्र मागितले. शिवाजी महाराज, सावित्रीबाई, बाबासाहेब आणि गाडगेबाबा यांच्यावर इतरांनी आधीच नावे नोंदवली होती. मी मृणाल गोरे यांचे नाव सांगितले तेव्हा तरुण मंडळींपैकी दोघा-तिघांनी विचारले, की या कोण? त्यांचा दोष नाही. मृणालताईंना जाऊन एक तप उलटून गेले. शिवाय त्या मुंबईच्या, आपण वरणगावचे. पण पाणी आणि घर या दोन गोष्टींसाठी आयुष्यभर सरकारला प्रश्न विचारत राहिलेली बाई गृहनिर्माण संस्थेच्या स्मरणिकेत नसेल, तर मग कुठे असायची?

आपली सोसायटी कशी उभी राहिली हे जुन्या सभासदांना ठाऊक आहे. बहुतेक जण फॅक्टरीतले, काही भुसावळ रेल्वेतले, काही दीपनगरचे, दोन-चार शिक्षक आणि माझ्यासारखे एक-दोन बँकवाले. नोकरी होती तोवर क्वार्टर होते. ज्या महिन्यात निवृत्ती, त्याच्या पुढेमागे क्वार्टरची किल्ली परत करायची, आणि मग बिऱ्हाड न्यायचे कुठे? या एका चिंतेतून आपण एकत्र आलो. म्हणून घर नसण्याची धास्ती काय असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मुंबईत ती धास्ती लाखो लोकांना होती, आणि तिला विधानसभेत तोंड फोडणाऱ्यांत मृणालताई पुढे होत्या.

त्यांचा जन्म २४ जून १९२८ चा, माहेरचे आडनाव मोहिले. हुशार विद्यार्थिनी. डॉक्टर व्हायचे म्हणून वैद्यकीय शिक्षण सुरू केलेले. पण ते दिवस स्वातंत्र्याच्या आसपासचे. राष्ट्र सेवा दल आणि समाजवादी मंडळींच्या संगतीत त्या इतक्या रमल्या, की शिक्षण अर्धे सोडून पूर्णवेळ कामाला लागल्या. १९४८ साली केशव गोरे यांच्याशी त्यांचे लग्न झाले. केशवरावांना सगळे बंडू गोरे म्हणत. लग्न आंतरजातीय, दोघेही कार्यकर्ते, हातात पैसा बेताचाच. संसार मांडला तो गोरेगावात.

आज गोरेगाव म्हटले की उंच टॉवर आणि मॉल डोळ्यांपुढे येतात. तेव्हाचे गोरेगाव म्हणजे ग्रामपंचायत असलेले गाव. मृणालताई त्या पंचायतीत निवडून गेल्या. महिला मंडळ काढले, कुटुंबनियोजनाचे काम सुरू केले. १९५० च्या सुमारास एखाद्या तरुण बाईने दारोदार जाऊन मुले किती असावीत यावर बोलायचे, म्हणजे केवढे धाडस! १९५८ साली केशवराव वारले. ताई तेव्हा तिशीच्या, पदरात लहान मुलगी. अशा वेळी माणूस घरात बसतो. या बाईंनी पतीच्या नावाने स्मारक ट्रस्टचे काम उभे केले आणि स्वतः आणखी जोमाने बाहेर पडल्या.

पुढच्या साऱ्या गोष्टीची सुरुवात पाण्यापासून आहे. १९५७ साली गोरेगाव बृहन्मुंबईत सामील झाले. गाव महापालिकेत गेले, कर महापालिकेचे लागू झाले, पण पाणी काही आले नाही. गंमत पाहा. मुंबईला पाणी देणारा विहार तलाव १८६० साली बांधला गेला, तो गोरेगावच्या मागच्याच डोंगरात. तलाव उशाशी, पाणी मात्र दक्षिणेला शहरात. ही तऱ्हा आपल्याला नवीन नाही. हतनूरचे धरण इथून हाकेच्या अंतरावर आणि तापी तर आपलीच, तरी उन्हाळ्यात नळ किती दिवसांनी येणार याची चर्चा आपल्या ओट्यांवर होतेच की!

१९६१ साली मृणालताई मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या आणि त्यांनी पाण्याचा विषय सोडलाच नाही. सभागृहात प्रश्न आणि बाहेर बायकांचे मोर्चे. रिकामे हंडे घेऊन बायका महापालिकेत जात. उपनगरातल्या माणसाला किती पाणी मिळते, शहरातल्याला किती, जलवाहिनी कुठवर आली आणि पुढे का सरकत नाही, याची माहिती जमवून त्या उभ्या राहत. नुसता आरडाओरडा असता तर अधिकाऱ्यांनी दोन दिवस सोसला असता. पण आकडे समोर आले की उत्तर द्यावे लागते. हे मी बँकेतल्या अनुभवावरून सांगतो. ऑडिटर रागावला तरी कोणी घाबरत नाही, पण त्याने व्हाउचर मागितले की शाखेत धावपळ होते! हळूहळू उपनगरात पाणी येऊ लागले आणि लोकांनी ताईंना नाव दिले, पाणीवाली बाई. ते जन्मभर टिकले.

१९७२ साली त्या गोरेगावातून विधानसभेवर निवडून आल्या. त्या निवडणुकीत काँग्रेसला २७० पैकी २२२ जागा मिळाल्या होत्या. समाजवादी तर बोटांवर मोजण्याइतके. म्हणजे मतदानात सरकारला हरवणे सोडाच, जवळ जाणेही शक्य नव्हते. मग विरोधी आमदाराने करायचे काय? इथे आपल्या तरुण वाचकांसाठी थोडे सांगतो. विधानसभेत तारांकित प्रश्न असतो. त्याचे उत्तर मंत्र्याला उभे राहून द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. खरा कस उपप्रश्नात लागतो, कारण लिहून दिलेले उत्तर संपले की मंत्र्याला विषय किती कळतो ते उघडे पडते. तातडीच्या बाबीवर लक्षवेधी सूचना असते. अंदाजपत्रकात कपात सूचना आणता येते. एखाद्या विषयावर सरकार कायदा करत नसेल, तर साधा आमदारही अशासकीय विधेयक मांडू शकतो. संख्याबळ नसले तरी ही हत्यारे प्रत्येक आमदाराच्या हाती असतात. मृणालताईंनी ती गंजू दिली नाहीत.

तेच वर्ष दुष्काळाचे. माझ्या वयाच्या माणसांना १९७२ चा दुष्काळ सांगावा लागत नाही. खडी फोडायला गेलेली माणसे, अमेरिकेचा लाल मिलो, रेशनच्या रांगा. शहरात महागाईने कहर केला. तेल, साखर, रॉकेल मिळेना. तेव्हा मृणालताई, मार्क्सवादी पक्षाच्या अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी आणि समाजवादी प्रमिला दंडवते अशा निरनिराळ्या पक्षांतल्या बायका एकत्र आल्या आणि त्यांनी महागाईविरोधी महिलांची संयुक्त समिती काढली. हजारो बायका हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. थाळ्या वाजू लागल्या. ज्या बायका कधी उंबऱ्याबाहेर बोलल्या नव्हत्या, त्या मंत्र्याला गाठून साखरेचे काय झाले म्हणून विचारू लागल्या. लाटणे मोर्चा हा शब्द मराठीला या बायकांनी दिला.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. मृणालताई भूमिगत झाल्या, काही महिने वेश आणि घरे बदलत काम करत राहिल्या, मग पकडल्या गेल्या. तुरुंगात त्यांना काही काळ एकांतवासातही ठेवले होते. बाहेर आल्या आणि १९७७ साली उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या. त्या निवडणुकीत खुद्द इंदिराजींचा पराभव झाला. पाणीवाली बाई दिल्लीला पोचली आणि दिल्लीची बाई पाण्यात गेली, अशा अर्थाची घोषणा तेव्हा गल्लीगल्लीत ऐकू येई. मोरारजीभाईंनी आरोग्य खाते देऊ केले होते. ताईंनी ते घेतले नाही. मंत्रिपदासाठी माणसे काय काय करतात हे आपण रोज वाचतो, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

माझा आणि त्यांच्या कामाचा लांबून संबंध आला तो यानंतर. १९७८ ते १९८७ या काळात माझी बदली मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका शाखेत होती. आम्ही दोघे आणि दोन मुले, दहा बाय बाराची खोली, तीही अकरा महिन्यांच्या करारावर. दर अकरा महिन्यांनी मालक नव्याने डिपॉझिट वाढवून मागे. बँकेत दिवसभर लोकांचे लाखो रुपये मोजायचे आणि संध्याकाळी पुढची खोली शोधत फिरायचे, असे दोन-तीनदा झाले. अशाच एका सभेत मी मृणालताईंना पहिल्यांदा ऐकले. सुती साडी, आवाज खणखणीत, भाषेत अलंकार नाही. बोलताना त्या हातातल्या कागदावरचे आकडे वाचत आणि मग समोरच्यांना समजेल असा त्याचा अर्थ सांगत.

त्या काळी घर बांधायचे तर पैशाआधी सिमेंट लागे, आणि सिमेंट परवान्यावर. आपल्याकडेही तहसीलमध्ये अर्ज करून पोत्यांची वाट पाहिलेली माणसे या सोसायटीत आहेत. मुंबईत बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना आरोप झाला, की बिल्डरांना सिमेंटचा कोटा मिळतो तो ठराविक ट्रस्टला देणगी दिल्यावर. गोरेगावचेच समाजवादी कार्यकर्ते प. बा. सामंत यांनी सहकाऱ्यांसह उच्च न्यायालयात याचिका केली. त्या लढ्यात मृणालताई आघाडीवर होत्या. न्यायमूर्ती लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये निकाल दिला. देणग्या आणि सिमेंट यांचा संबंध त्यांनी मान्य केला आणि मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढचे खटले अनेक वर्षे चालले, तो वेगळा विषय. फेब्रुवारी १९८२ मध्ये केंद्राने सिमेंटवरचे नियंत्रण बरेचसे सैल केले. एका पोत्यामागे एवढे राजकारण असते, हे तेव्हा आम्हा सामान्यांना कळले.

सिमेंटच्या आधी लागते जमीन. इथे मृणालताईंच्या आयुष्यातले सर्वात मोठे काम येते. १९७६ साली केंद्र सरकारने नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा केला. वरणगावसारख्या गावांना तो लागू नव्हता, म्हणून थोडक्यात सांगतो. मुंबईत एका व्यक्तीला ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन ठेवता येणार नाही, जास्तीची सरकारने घ्यावी आणि तिचा उपयोग लोकांच्या गरजेसाठी व्हावा, असा त्याचा हेतू. ऐकायला उत्तम. पण त्याच कायद्यात दोन खिडक्या होत्या. कलम २० खाली सरकार सूट देऊ शकत होते. कलम २१ खाली मालकाने दुर्बल घटकांसाठी घरे बांधण्याची हमी दिली, तर जमीन त्याच्याकडेच राहत होती. या खिडक्यांतून जमिनी निघून जाऊ लागल्या. दुर्बल घटकांची घरे कागदावर आणि प्रत्यक्षात भाव बिल्डरचा.

मृणालताई, सामंत आणि त्यांचे सहकारी विचारू लागले, की जास्तीची जमीन किती निघाली, किती ताब्यात घेतली, सूट कोणाला दिली, आणि ज्यांच्यासाठी दिली त्यांना घरे मिळाली का? साधे प्रश्न. पण ते विचारून त्या थांबल्या नाहीत. विरोधी पक्ष नुसता बोलतो, करून दाखवत नाही, असे आपण नेहमी म्हणतो. या मंडळींनी करून दाखवायचे ठरवले. नागरी निवारा परिषद स्थापन केली. मुंबईत ज्यांचे स्वतःचे घर नाही अशा कामगार, कारकून, शिक्षक, घरकाम करणाऱ्या बायका अशा लोकांना सभासद केले आणि सरकारकडे मागणी लावली, की कायद्याने जी जमीन लोकांची आहे ती आम्हाला द्या, घरे आम्ही बांधतो, नफा न घेता.

जमीन मिळेपर्यंत वर्षानुवर्षे गेली. मोर्चे, शिष्टमंडळे, कोर्ट, फायली. सभासदांचा धीर सुटे, काही जण पैसे परत मागत. शेवटी गोरेगाव पूर्वेला दिंडोशीत सुमारे ६० एकर जमीन मिळाली आणि १९९० च्या दशकात तिथे सुमारे सहा हजार घरे उभी राहिली. घरे लहान, पण स्वतःची. बांधायला जो खर्च आला, त्या हिशोबाने किंमत. बँकेत मी गृहकर्जाची शेकडो प्रकरणे हाताळली आहेत. नफा बाजूला काढला तर घराची किंमत किती खाली येते, हे मला चांगले ठाऊक आहे. आपल्या सोसायटीच्या वेळी आपणही ठेकेदार मध्ये न घालता काम केले, म्हणून आपला आकडा बसला. दिंडोशीत हेच झाले, पण सहा हजार घरांच्या मापाने.

या मधल्या काळात, १९८५ साली त्या पुन्हा विधानसभेवर गेल्या होत्या आणि १९८८-८९ मध्ये विरोधी पक्षनेत्या झाल्या. या पदाला मंत्र्याचा दर्जा असतो. ताईंची राहणी तीच राहिली. गर्भजल परीक्षा करून मुलीचा गर्भ पाडण्याचा धंदा तेव्हा मुंबईत उघड चालू होता, जाहिराती लागत. महिला संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि मृणालताईंनी विधानसभेत अशासकीय विधेयक आणले. सरकारला विषय टाळता येईना. १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा केला, देशात पहिला. संपूर्ण देशासाठी कायदा व्हायला १९९४ उजाडले. खान्देशातल्या आपण माणसांनी हे वाचून पुढे जाऊ नये. २०११ च्या जनगणनेत लहान मुलींच्या प्रमाणात जळगाव जिल्हा राज्यात फार खाली होता. कायदा त्यांनी आणला, पाळायचे काम आपले होते.

त्यांना सगळ्यात यश आले असे मात्र नाही. नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्यातून महाराष्ट्रात जेवढी जमीन निघायला हवी होती, त्यातली फार थोडी सरकारच्या हाती आली. केंद्राने १९९९ साली तो कायदा रद्द केला आणि महाराष्ट्राने नोव्हेंबर २००७ मध्ये. मृणालताई तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. ज्या कायद्याच्या जोरावर दिंडोशी उभी राहिली, तो कायदाच गेला. म्हणजे दुसरी दिंडोशी त्या वाटेने होणार नाही. १७ जुलै २०१२ रोजी त्या गेल्या. गोरेगावात आता त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे. पुलावरून गाड्या धावतात, आणि मुंबईत घराचा प्रश्न आहे तिथेच आहे.

आता आपल्याकडे येतो. चरित्र लिहून हात जोडायचे, हे मला जमत नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय आला आहे. आपल्या गेटबाहेर बोअरचा एक नळ आहे. उन्हाळ्यात मागच्या बाजूच्या बांधकामांवरचे मजूर आणि पालात राहणारी कुटुंबे तिथून पाणी भरतात. तो नळ बंद करावा अशी सूचना आहे. सूचना करणारेही आपलेच आहेत. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. मोटारीचे बिल येते, बोअरचे पाणी मार्चनंतर खाली जाते, गेटपाशी गर्दी होते, कधी भांडणे होतात.

मी त्या सभेत काय मत देणार हे लपवत नाही, नळ चालू राहावा असेच माझे मत आहे. पण माझ्या मताला फारशी किंमत नाही. माझी विनंती वेगळी आहे. मत देण्याआधी प्रश्न विचारा. या नळातून रोज किती पाणी जाते, कोणी मोजले आहे का? विजेचा खर्च दर घरामागे महिन्याला किती पडतो? ठराविक वेळ ठरवली तर भागेल का? नगरपालिकेला तिथे सार्वजनिक नळ मागणारा अर्ज आपण कधी केला आहे का, केला असेल तर त्याचे पुढे काय झाले? ही माहिती समितीने सभेपुढे ठेवावी असे मी लेखी कळवले आहे. आकडे पाहून सभेने जे ठरवले ते मला मान्य राहील.

आपल्या सभांची एक खोड आहे, सगळ्याच सोसायट्यांची असते. हिशोबावर कोणी दोन प्रश्न विचारले की त्याच्याकडे वळून पाहतात, की याला काय खुपतेय? अध्यक्ष घड्याळाकडे बघतात आणि बाकीचे चहा-समोशाकडे. प्रश्न विचारणारा संस्थेचा वैरी, अशी आपली समजूत. मृणालताईंचे सारे आयुष्य या समजुतीच्या उलट आहे. त्यांनी ज्या महापालिकेला छळले तिनेच उपनगराला पाणी दिले, आणि ज्या सरकारला धारेवर धरले त्याच्याकडूनच जमीन घेऊन घरे उभी केली. विचारणाऱ्यामुळे संस्था मोडत नाही, तिला काम करावे लागते एवढेच.

ज्या मुलामुलींनी सुरुवातीला मला विचारले, की या कोण, त्यांनी यंदाच्या सभेला आई-वडिलांबरोबर यावे. सभासद नसल्यामुळे मत देता येणार नाही, पण अध्यक्षांच्या परवानगीने प्रश्न विचारता येतो. मागच्या रांगेत न बसता पुढे बसा, आणि हातात एक कागद ठेवा.